सातव्या भोकातला स्वर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या प्रकाशदादाला तर नाहीच.

प्रकाशदादा माझा मावसभाऊ, नांदेडचा. जयंतीच्या ऑर्केस्ट्रात माउथ ऑर्गन वाजवायचा. मोबाइलवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं ऐकलं आणि वेडाच झाला. दहा भोकांचा छोटा माउथ ऑर्गन, आमच्या भाषेत बाजा, त्यानंच माझ्या हातात दिला. त्यात मधले स्वर नसतात, ते श्वासानं खाली ओढून काढावे लागतात. मोठ्या माउथ ऑर्गनला बाजूला बटन असतं, त्या बटनाच्या बाजात सगळे स्वर तयार मिळतात. ब्लूजवाले दोन्ही वापरतात, गाण्याच्या मध्येच एक ठेवून दुसरा उचलतात. दादाला ते पटायचं नाही. म्हणायचा, "बटन दाबून रडू येत न्हाई."

मला ते स्वर ओढायला जमायचं नाही. आणि मी तर लातूरला शिकवणीचे क्लास घेणारा माणूस — न जमण्याची सवय कुठली? बटनाचा बाजा गुपचूप घेतला. त्यावर एक तुकडा वाजवून दादाला पाठवला. लगेच फोन आला. ऐकून रडू आलं, म्हणाला. कुठल्या बाजावर वाजवलं, त्यानं विचारलं.

तेव्हाच सांगता आलं असतं ना? मी म्हणालो — छोट्यावरच. तो मधला स्वर सातव्या भोकात ओढ, जमतं हळूहळू.

सातव्यात तो स्वर ओढून निघतच नाही. मला ते माहीत होतं.

तो ओढत राहिला. आतली पत्ती मोडली, त्यानं नवा बाजा आणला, तोही बिघडला. फोन करून विचारायचा, ओठ कसे धरतोस. आणि मी — मी सांगायचोही. मनाला येईल ते. आयुष्यात पहिल्यांदा दादा मला विचारत होता, आणि मला ते आवडत होतं. याला काय म्हणायचं?

मग त्याचे फोन थांबले. पुढं ऑर्केस्ट्राही सुटला.

परवा माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तो लातूरला आला. पोरांनी हट्ट धरला म्हणून मी छोटा बाजा त्याच्यापुढं केला. त्यानं तो शर्टाला पुसला, जरा वेळ हातात धरला आणि परत दिला.

"आपल्यात दम राहिला न्हाई आता. तूच वाजव."

बटनाचा बाजा आतल्या खोलीत, कपाटात होता. आणून त्याच्या हातात ठेवला असता तर त्याला सगळं कळलं असतं. मी छोट्यावरच एक सोपं गाणं वाजवलं. सगळ्यांच्या आधी टाळ्या दादानं वाजवल्या.