ओठांवरचं कन्नड

मिल बंद झाली त्या वर्षी बाबा कन्नड शिकायला लागले. बेंगळुरूजवळ एका कापडाच्या कारखान्यात विणकर हवे होते. मालकाला कन्नडखेरीज काही येत नाही, नाव-गाव नीट सांगितलंत तर काम पक्कं, असं तिथे गेलेल्या त्यांच्या जुन्या सोबत्याने कळवलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर मैसूरकडच्या मावशी राहत. दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बाबा पाटावर बसत, शेजारी मी वही घेऊन. कॉफीच्या वासात ती भाषा मला अर्धवट झोपेत ऐकल्यासारखी वाटे. नमस्कार तर आपलाच निघाला, म्हणून बाबा खूश. पुढे 'निम्म हेसरु एनु?' म्हणजे तुमचं नाव काय, 'निम्म ऊरु यावुदु?' म्हणजे गाव कोणतं. बाबा सगळं नुसत्या ओठांनी म्हणत, आवाज शून्य.

"भाईसाहब, ज़ोर से बोलिए ना," मावशी हसत.

मिलच्या साचेखात्यात, शेकडो मागांच्या खडखडाटात, आवाज काढून उपयोगच नसे. तिथली माणसं जन्मभर ओठांनीच बोलली. मला त्या सवयीचं भारी कौतुक होतं.

एका दुपारी मावशींनी कॉफी गाळता गाळता पाठमोऱ्यानेच विचारलं, "निम्म हेसरु एनु?" बाबा खिडकीतून मिलचं धुराडं बघत राहिले. मावशींनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्या वळून बोलल्या आणि बाबांनी लगेच नाव सांगितलं. मी वही मिटली.

जिन्यात मी त्यांची बाही धरली. माझा चेहरा बघूनच ते समजले.

"बेटा, कोणाला बताऊ नको हं. बहिऱ्याला काम कोण देईल?"

इतकी वर्षं मी त्यांना मागून हाका मारत आले, आणि वर 'तुमचं लक्षच नसतं' म्हणून फणकारत आले. स्वतःचाच भयंकर राग आला.

मग रोज संध्याकाळी आम्ही गच्चीवर जायचो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. मी मावशींसारखे ओठ हलवून, आवाज न काढता विचारायची आणि बाबा खणखणीत उत्तर द्यायचे. धूर नसल्यामुळे आभाळ नको इतकं निळं असे. अंधार पडून माझे ओठ दिसेनासे झाले की शिकवणी संपे.

बाबा बेंगळुरूला गेले. महिन्याभराने पत्र आलं. मी ते आईला वाचून दाखवायला घेतलं. काम मिळालं होतं. मालक कारखान्यातच भेटले, माग चालू होते, तिथे कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

'त्यांनी काय विचारलं ते मला स्वच्छ दिसलं,' ही शेवटची ओळ मला मोठ्याने वाचवेना. ओठ नुसतेच हलले.