दोन पुरुष पाणी

माझ्या साडूइतका संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही. खुर्ची दिसली की तो आधी तिचे चारही पाय हलवून बघायचा. देवणीला सासुरवाडीत आम्हा जावयांसाठी बाजा टाकल्या की मी सरळ आडवा व्हायचो. हा खाली वाकून सुंभ ओढत राहायचा. एसटीत चढताना ड्रायव्हरला विचारायचा, "ब्रेक बघितले का, मामा?" एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही पायीच या." तर हा खरंच उतरला आणि बायको गाडीतून पुढे गेली.

असा हा माणूस विहिरीत मात्र अशी उडी घ्यायचा की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. पण तिथंही आधी दोरीला दगड बांधून पाणी मोजणार, मगच लंगोट कसणार. पोरं खिजवायची, "काका, तुमचं मोजून होईस्तोवर पाणी आटंल की!"

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा आम्ही गावात उड्यांची स्पर्धा ठेवली. पावसानं दगा दिला होता. एकाच विहिरीत दोन पुरुष, म्हणजे एकावर एक दोन माणसं बुडतील एवढं पाणी उरलं होतं. आयोजक मी. आदल्या संध्याकाळी मीच ते मोजलं. सकाळी पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारायला टँकर आणले आणि त्याच विहिरीतून भरले. पुन्हा मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पोरांच्या आधी आपण उतरायचं, हा साडूचा नियम. तो दगड बांधायला लागला, तसा मी ओरडलो, "साडूभाऊ, मोजलंय! पाहुणे खोळंबलेत."

"तुम्ही मोजलं?"

"हाव."

त्यानं दगड खाली ठेवला आणि उडी घेतली.

पाय गुडघ्याखाली मोडला. बाजेवर घालून नेताना लोक म्हणत होते, "हौस नडली." कुणीतरी विचारलं, "आयोजकांची काही चूक?" मी तोंड उघडायच्या आत साडूच कण्हत म्हणाला, "न्हाई. पाणी उतरल्याची ओली रेघ माझ्या डोळ्यापुढं होती. उडणाऱ्यानं आपलं बघावं." आणि मी मान डोलावली.

ती मान मी आज मागे घेतो. त्याचा वाटा त्यानं तिथंच उचलला. माझाही मी त्याच्याच अंगावर जाऊ दिला. मोजलेलं पाणी उपसलं मी आणि त्याचा दगड खाली ठेवायला लावला तोही मीच.

पुढं हातात काठी आल्यावर तो आणखीच संशयी झाला. लग्नाला गेला की जेवणाआधी मांडवाचे खांब ठोकून यायचा. फक्त माझ्याकडे आला की न बघता खुर्चीत बसायचा. एकदा मी म्हणालो, "इथली खुर्ची नाही का हलवायची?"

"तुमच्या घरी कशाला?" म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

तो येणार असला की ती खुर्ची मी आधीच हलवून ठेवायचो. तो गेला, त्याला बरीच वर्षं झाली. अजून घरात कुणी बसायला आलं की माझा हात खुर्चीकडे जातो. बायको म्हणते, "साडूचा आजार लागला तुम्हाला."