दावं द्यायचं नाही

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या काही कापडवाल्या शेठ लोकांना जखमी कुत्र्यांची फार दया यायची. इतकी, की कामरेजच्या रस्त्यावर त्यांनी काढलेला आसरा बघता बघता ठासून भरला. एकेका पिंजऱ्यात चार-चार कुत्री, दिवसभर एकमेकांच्या जिवावर उठलेली. मग उपाय निघाला: बरी होईपर्यंत कुत्री लोकांच्या घरी ठेवायची. लोकांच्या म्हणजे आमच्या. शेठांच्या बंगल्यांत गालिचे होते ना.

आमची उधन्याला दहा बाय दहाची खोली. बाबा लूमवर कामाला. एका दुपारी आसऱ्याचा माणूस पोत्यात गुंडाळलेलं तपकिरी कुत्रं घेऊन दारात उभा राहिला. कडोदऱ्याला ट्रकने त्याचा पाय चिरडला होता.

"बेन, थोडा दिवस राखो ने, पुण्य मळशे," तो आईला म्हणाला.

पुण्य ठेवायला आमच्याकडे ऐसपैस जागा दिसली असावी. बाबा तडकले. आईने कॉटखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली आणि तिथे गोणपाट अंथरलं.

थोड्या दिवसांचे तीन महिने झाले. आई पू काढायची, हळद भरायची, दुधात भाकरी कुस्करून घालायची. बाबांनी कारखान्यातून आणलेल्या वेस्ट धाग्याची तिने दोरी वळली. तिच्या माहेरी खानदेशात गुरं होती, म्हणून कुत्र्याच्या दोरीलाही ती दावंच म्हणायची. दावं कुठेही अडकवलं की ते कुत्रं तिथेच बसून राही, समोरून बकरी गेली तरी. आई त्याच्याशी जेवढं बोलायची तेवढं माझ्याशीही बोलत नसे. मला हेवा वाटायचा.

पाय बरा झाला तशी मोटार आली. शेठाणी आली, फोटोवाला आला. कुत्रं आता चांगल्या घरी जाणार, असं आसऱ्याच्या माणसाने जाहीर केलं.

"मंग आमनं घर चांगलं नही शे का?" आईने विचारलं.

शेठाणीला अहिराणी कळली नाही. ती फोटोसाठी हसली. पू वाहत होता तोवर आमचं घर चांगलं होतं. अंगावर तकाकी आली तसा त्यांना बंगला आठवला.

आईने कुत्र्याला कुंकू लावलं, भाकरी भरवली आणि दावं सोडून खुंटीला टांगलं. माणसाने ते मागितलं.

"जनावर देवानं, दावं देवानं नही," आई म्हणाली.

जनावर द्यावं, दावं देऊ नये; दावं गेलं की गोठा ओस पडतो, ही आमच्याकडची समजूत. आमचा गोठा म्हणजे ती कॉटखालची जागा. असली दोरी हवीय कुणाला, म्हणत शेठाणीने रेशमी पट्टा काढला.

महिन्याभराने तोच माणूस पुन्हा आला. या वेळी डाइंग मिलच्या उकळत्या पाण्याने भाजलेलं कुत्रं होतं. आईने आधी तपकिरी कुत्र्याची चौकशी केली. त्याने सांगून टाकलं. पट्ट्यातून डोकं काढून ते दुसऱ्याच दिवशी फाटकाबाहेर पळालं होतं. सापडलं ते उधन्याच्या रस्त्यावर, गाडीखाली. आमच्याकडेच निघालं होतं.

आईने खुंटीवरचं दावं उतरवलं. मग तिने भाजलेल्या कुत्र्याला आत घेतलं.

ते दोन महिने राहिलं. जायच्या दिवशी आईने त्याला कुंकू लावलं आणि पट्ट्याऐवजी हेच बांधायला सांगून दावं स्वतःच्या हाताने त्या माणसाच्या मुठीत दिलं. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना पुन्हा वेस्ट धागा आणायला सांगितला.