एका नंबरवरचे पाच पेशंट

"तुमच्या मशीननं माझी मानसं खोडली!" जीपवाला भाऊसाहेब काउंटरवर हात आपटत होता.

डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या मॅनेजरांनी फोन केला, म्हणून मी आणि माझे बॉस नगरच्या आमच्या ऑफिसमधून तसेच निघून आलो होतो. बाकावर हिराबाई बसल्या होत्या. अकोले तालुक्यात वर, भंडारदऱ्याच्या बाजूला त्यांचं गाव. ब्लाउज शिवून घर चालवतात. एका डोळ्यानं लहानपणापासूनच दिसत नाही, आणि आता दुसऱ्याचा पडदा सरकला होता. पुण्याचे डॉक्टर इथे फक्त गुरुवारी येतात. मागच्या गुरुवारी हिराबाई आल्या, तेव्हा त्यांचं बुकिंग रद्द दिसलं. काउंटरवरून पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. म्हणजे आजची.

आज डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

आमचं काम थोडक्यात सांगते. एजंट म्हणजे माणसाच्या जागी ब्राउझर उघडून क्लिक करणारा प्रोग्रॅम. हॉस्पिटलच्या साइटवर अपॉइंटमेंट घ्यायला आम्ही तो बसवला होता. त्याच्या हातात टूल असतात: तारीख शोधणं, बुकिंग करणं, बुकिंग रद्द करणं. टूल कधी आणि कसं वापरायचं, ते त्याच्या वर्णनात लिहायचं. हे वर्णन मी लिहिते. एजंटला आपल्या गावच्या चालीरीती ठाऊक नसतात, त्याला वर्णनात लिहिलेलं तेवढंच कळतं.

मॅनेजरांची तक्रार होती की एकच पेशंट दोनदा बुकिंग करतो आणि डॉक्टरांचा वेळ फुकट जातो. नवं घेतलं की जुनं उडवा, म्हणाले. मी विचारलं, "पेशंट तोच आहे हे ओळखायचं कसं?"

"मोबाईल नंबरवरून. आमच्याकडे तसंच चालतं."

तरी मी वर्णनात घातलं होतं: नंबर तोच पण नाव वेगळं असेल, तर रद्द करू नये, माणसाला विचारावं. डेमोत एजंट सारखा थांबून विचारायला लागला. मॅनेजर वैतागले. "प्रत्येक वेळी मलाच विचारणार, तर माणूस काय वाईट होता?"

बॉस माझ्या कानाशी आले. "त्या ओळी काढ गं. आतलं एआय मॉडेल हुशार आहे." मी हुज्जत घातली. शेवटी त्यांनीच माझा लॅपटॉप ओढून घेऊन त्या पुसल्या. एजंट सारखं का विचारतोय, हे मात्र कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.

आता भाऊसाहेबच सांगत होता. "ताई, डोंगरात रेंज न्हाई. निम्म्या मानसांकडं फोन न्हाई. माझ्या गाडीत जो बसंल त्याचा नंबर माझाच. लई वर्सं असंच चाललंय."

काउंटरवरची मुलगी नंबर टाकायची आणि मग नावानं हाक मारायची. तिचं हे रोजचंच. यात सांगण्यासारखं काय, म्हणून आम्हाला कोणी सांगितलं नाही. एजंटनं भाऊसाहेबाच्या नंबरवर पाच बुकिंग घेतली, आणि प्रत्येक नव्या बुकिंगला आधीचं रद्द केलं. ज्याचं बुकिंग शेवटी झालं, तो एक म्हातारा तेवढा उरला.

"मेसेज आले नाहीत का?" बॉसनी विचारलं.

"आल्ते की. इंग्रजीत. मला वाटलं, पक्कं झाल्याचे हायत."

मी हिराबाईंच्या शेजारी बसले. त्यांनीच विचारलं, "बाई, त्या मशीनला वाचता येतं का?"

"येतं."

"मंग माझं नाव दिसलं नसंल का त्याला?"

दिसलं होतं. पण नावाकडे बघ असं सांगणाऱ्या ओळी आम्हीच पुसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. बोटाला सुईचे घट्टे होते.

परत येऊन मी पुसलेल्या ओळी पुन्हा घातल्या. टेस्ट पहिल्या फटक्यात पास. एजंट नावापाशी थांबला आणि त्यानं शहाण्यासारखं विचारलं. आमच्या धंद्यातला धडा एवढाच: टूल काय करतं हे लिहाच, पण कधी करू नये, ते आधी लिहा. आणि मग कोणाला पुसू देऊ नका.

बॉस खूष होते. "बघ, दोन ओळींचं काम होतं."

हो ना. दोनच ओळींचं होतं.