आत्यांचा पासपोर्ट आधी आला

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. लग्न होऊन मी डिंगोऱ्यात आले तेव्हापासून बघत होते, मामा सगळीकडं जायचे आणि आत्या त्यांची पिशवी भरून द्यायच्या. लग्नं, यात्रा, दहावे, बाजार, सगळीकडं घरातून मामांची हजेरी. आत्या जायच्या ते माहेरच्या माणसांकडं नाहीतर दवाखान्यात, आणि तेही मामांच्या मागं मोटरसायकलवर बसून.

माझी नणंद दुबईला असते. तिचे मालक तिथं एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहेत. पहिल्या बाळंतपणाला ती इथं आली होती. दुसऱ्या वेळीही येणार म्हणून आत्यांनी डिंक आणून ठेवला, बाजेच्या नव्या पट्ट्या विणून घेतल्या. आणि एका दुपारी तिचा फोन आला. डॉक्टरांनी विमानात बसायला सक्त मनाई केली होती.

"आई, तूच ये ना गं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

फोन स्पीकरवर होता. आत्या काही बोलायच्या आत मामा पुढं सरकले.

"रडू नको. आमी दोघं येतो."

फोन ठेवल्यावर आत्यांनी विचारलं, "अवो, दुबई म्हंजी काय कल्याण हाय का, एस.टी.त बसलं आन उतरलं?"

"मी हाय ना बरोबर," मामा म्हणाले. "तू नुसती माझ्या मागं मागं चालायचं."

दुसऱ्या दिवशी मी दोघांची कागदपत्रं घेऊन आळेफाट्याला ऑनलाइनच्या दुकानात गेले. मला वाटलं होतं, पासपोर्ट काढायला आमच्याशिवाय कोण येणार? तर दुकानात बसायला जागा नव्हती. बेल्ह्याकडच्या दोन मुली जर्मनीत नर्सच्या नोकरीला जायचं म्हणून आल्या होत्या. एक टोमॅटोचे व्यापारी बायकोला सिंगापूर दाखवणार होते. एक म्हातारे गृहस्थ नुसतेच आले होते. म्हणाले, "कुठं जायचं ठरलं न्हाई, पर भावकीत सगळ्यांनी काढलाय."

दुकानदारानं अर्ज भरले आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, तारीखच मिळत नाही बघा. पुण्याच्या तारखा उघडल्या की भाकरी तव्यावर टाकेपर्यंत संपतात."

मग त्यानंच तोड सांगितली. पासपोर्टची फिरती गाडी थोड्या दिवसांसाठी जुन्नरला येणार होती. सकाळी तारखा खुल्या होतील तेव्हा तो बसून राहील, आम्ही फक्त फोन जवळ ठेवायचा. त्यानं शब्द पाळला. आम्हाला दोघांची एकाच दिवसाची वेळ मिळाली. मामांनी ती बातमी पारावर अशी सांगितली की जणू गाडी त्यांनीच मागवली होती.

त्या दिवशी मामांनी लग्नातला फेटा काढला. फोटोला फेटा चालत नाही म्हटल्यावर हिरमुसले, पण पिशवीत घेतलाच. आत्यांनी साधं हिरवं लुगडं नेसलं. गाडी एका सरकारी आवारात उभी होती. बाहेरून दिसायला मोठ्या बससारखी, आत टेबलं, संगणक, कॅमेरा. बाहेर मांडव घातलेला आणि मांडवात खुर्च्या. लोक एकमेकांच्या फायली बघून देत होते, कुणाची झेरॉक्स राहिली तर कुणीतरी मोटरसायकलवर जाऊन काढून आणत होतं. लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आधी असतं ना, तसलं वातावरण.

आधी मामांचा नंबर लागला. विचारलं एक की ते तीन सांगायचे. जन्म कुठला, तर आजोबांनी विहीर कधी खोदली इथपासून सुरुवात. आतली मुलगी शहरातली होती, पण हसतमुख होती. तिनं ऐकून घेतलं आणि काम उरकलं.

मग आत्या. मी त्यांच्याबरोबर आत उभी होते.

"आजी, जन्मठिकाण आंबेगाव लिहिलंय. हा तालुका झाला. गाव कोणतं?"

"गावच आंबेगाव."

"कुठे आलं हे?"

"धरणात," आत्या म्हणाल्या. "डिंभ्याच्या."

मुलीनं मान वर केली. "म्हणजे?"

"म्हंजी तालुक्याला नाव दिलं आमच्या गावाचं आन गाव बुडवलं पाण्यात."

"मग आता तिथं कुणीच नाही?"

"हायेत ना. मासं हायेत."

मुलगी हसली. पण लगेच तिच्या चेहऱ्यावर दिसलं की हसायला नको होतं. आत्यांनीच तिला सावरलं. "हस की बाई. गाव पाण्यात गेलं, मी न्हाई गेले. मी हाय अजून. लिव तू, आंबेगाव, जिल्हा पुणं."

तिनं लिहिलं. आत्या लग्न होऊन डिंगोऱ्यात आल्या त्यानंतर पुढं कधीतरी पाणी चढलं होतं. माहेरची माणसं चहूकडं पांगली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी या गावाबद्दल फार काही ऐकलं नव्हतं, आणि इथं त्या अनोळखी मुलीला सांगत होत्या की पाणी उतरलं की देवळाचे दगड दिसतात, आणि आमचं घर देवळाच्या खालच्या अंगाला होतं. ती मुलगीही की-बोर्डवरचा हात काढून ऐकत होती.

मग फोटो. कॅमेऱ्यासमोर आत्या छान हसल्या.

"आजी, हसायचं नाही."

"अगं बया! घरी फोटू काढताना सगळी म्हणत्यात हसा, आन सरकार म्हणतंय हसू नको!" आणि परत हसल्या. तीनदा काढला तेव्हा एकदाचा गंभीर फोटो आला. त्यातही डोळे हसतातच.

यानंतर राहिली पोलिसांची तपासणी. माणूस खरंच त्या पत्त्यावर राहतो का, हे बघायला हवालदार घरी येतात. ते नेमके सोमवारी आले.

सोमवार म्हणजे बेल्ह्याचा बैलबाजार. आमच्याकडं ट्रॅक्टर येऊन किती वर्षं झाली, गोठ्यात बैल नाही, तरी मामांचा बाजार चुकत नाही. घ्यायचं नसतं, विकायचं नसतं. बैलांचे दात बघायचे, शेपटीला हात लावायचा, दुसऱ्यांच्या सौद्यात तोंड घालायचं आणि भेळ खाऊन यायचं.

हवालदारांना आत्यांनी चहा दिला, सही केली, दोन प्रश्नांना दोन उत्तरं दिली. त्यांचं काम झालं.

"आजोबा कुठं आहेत?"

मी मामांना फोन लावला. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात तो वाजला.

तेवढ्यात शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. त्यांना वाटलं आपण मदत करावी. "त्ये व्हय? त्ये कुठं घरात सापडत्यात! सकाळी गेलेला माणूस. त्यांचा काय नेम न्हाई सायेब."

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण काका रंगात आले होते. हवालदार भला माणूस. म्हणाले, "ठीक आहे, उद्या त्यांना ठाण्यात पाठवा. मी आहे."

संध्याकाळी मामांना सांगितलं. "जातो की उद्या," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी एका मित्राची कांद्याची गाडी भरायची होती, तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पोराच्या लग्नाची सुपारी. सवडीनं ठाण्यात गेले तेव्हा हवालदार बंदोबस्ताला गेलेले आणि कागद पुढं निघून गेला होता. त्यावर शेरा, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही.

पोस्टमन आला तेव्हा मामा ओट्यावरच होते. त्यानं एक पाकीट आत्यांच्या हातात दिलं. मामांनी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

"आन माझं?"

"एकच आहे आबा."

"नीट बघ की राव पिशवीत."

त्यानं बिचाऱ्यानं पिशवी उलटी करून दाखवली. आत्यांनी निळं पुस्तक उघडलं, स्वतःचा फोटो बघितला आणि पदरानं पुसून देव्हाऱ्यात ठेवलं. मामा उठून शेतात गेले ते जेवायलाच आले.

खरा पेच पुढं होता. नणंदेचे दिवस भरत आलेले. माझ्याकडं पासपोर्ट नाही, आमच्या ह्यांच्याकडं नाही. मामांचं प्रकरण पुण्याला जाऊन परत उघडायचं तर वेळ लागणार. रात्री जेवताना हे म्हणाले, "आईलाच एकटीला पाठवू."

"एकटी?" मामांचा घास हातातच राहिला. "हिला आळेफाट्याला एस.टी. बदलायची माहीत न्हाई!"

आत्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "माहीत न्हाई, कारन तुमी कधी बदलू दिली न्हाई," त्या म्हणाल्या. "तिकीट काढा माझं."

भाकरी त्या दिवशी टम्म फुगली होती.

जावयांनी तिकडून व्हिसा पाठवला आणि पुण्याच्या विमानतळावर आम्ही सगळे गेलो. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, बाळाची टोपडी. बाहेरच एका काट्यावर बॅग ठेवली तर वजन जास्त भरलं. पीठ काढलं तरी जास्तच. शेवटी मी लुगड्यांच्या मधे हात घातला तर खाली दगडी सहाण!

"आत्या, अहो हे काय?"

"बाळगुटी कशावर उगाळू? मिक्सरात?"

"ताईंकडं असेल की काहीतरी."

"तिचं ते गुळगुळीत. त्यावर काय उतरतंय?" पण काढून दिली. पुढचे दोन तास ती माझ्या मांडीवर होती.

मामा सकाळपासून सूचना देत होते. पिशवी सोडायची नाही, कुणाचं काही खायचं नाही, विचारलं तर लेकीकडं चाललेय म्हणायचं. दारापाशी आल्यावर मात्र आत्यांनीच त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं, "गोळ्या टायमावर घ्या," म्हणाल्या आणि पासपोर्ट हातात धरून आत गेल्या. काचेतून दिसत होत्या तोवर मामा टाचा उंच करून बघत राहिले. आत एका बाईंशी त्यांचं बोलणं सुरू झालेलं दिसलं. दोघी हसत हसत पुढं गेल्या.

त्या रात्री आमच्यापैकी कुणीच नीट झोपलं नाही. सकाळी व्हिडिओ कॉल आला. आत्या सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या, शेजारी मोठी नात, मागं काचेतून उंच उंच इमारती.

"पोचले गं! लई सोपं हाय. एस.टी.परीस बरं. जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकावा लागत न्हाई, प्रत्येकाची जागा येगळी."

"भीती न्हाई वाटली?" मामांनी विचारलं.

"कशाची? ती सांगलीकडची बाई व्हती ना संगं. तिलाच वाटत व्हती. मी धरला तिचा हात."

पुढच्या आठवड्यात मुलगा झाला. आत्यांनी तिथं शेकशेगडीची तयारी केली तेव्हा घरातला धुराचा भोंगा वाजला आणि शेजारपाजारच्या चार देशांच्या बायका धावत आल्या. त्यातल्या दोघी मग रोज यायला लागल्या, बाळाला तेल कसं लावायचं ते बघायला. कोणत्या भाषेत बोलायच्या, आत्यांनाच माहीत.

इकडं हे मामांना घेऊन पुण्याला गेले, लेखी खुलासा दिला, आणि तपासणी परत लागली. त्यानंतर मामा ओटा सोडेनात. रानात नाही, पारावर नाही, बाजारही बंद. फोन गळ्यात दोरी बांधून लटकवलेला. हवालदार आले ते परत सोमवारीच.

"काय आजोबा, आज बाजाराला नाही?"

"सायेब," मामा हात जोडून म्हणाले, "बैल कुठं जात न्हाईत. तुमी जाता."

हवालदार मनापासून हसले. शेजारच्या काकांना साक्षीला बोलावलं. मामांनी त्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, विचारलं की नुसतं व्हय म्हण. काकांनी इतकं पाळलं की हवालदारांनी पाणी देता का विचारलं तरी 'व्हय' म्हणून तिथंच उभे राहिले.

मामांचा पासपोर्ट आला तेव्हा बाळ सव्वा महिन्याचं झालं होतं. तेही एकटेच गेले. तिथल्या विमानतळावर त्यांना घ्यायला जावई आणि आत्या आल्या होत्या. जावई सांगत होते, मामा गर्दीत बावरून उभे होते, तर आत्यांनी लांबूनच हाक मारली, पुढं जाऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "माझ्या मागं मागं या."

दोघं परत आले तेव्हा आम्ही पुण्याला घ्यायला गेलो. मामा गाडीत बसल्यापासून बोलत होते. रस्ते, इमारती, खजूर, तिथल्या उंटांचे दात. चाकण गेलं, मंचर गेलं, त्यांचं चालूच. आत्या माझ्याशेजारी शांत बसल्या होत्या.

मी हळूच विचारलं, "आत्या, तुम्हाला काय आवडलं सगळ्यात?"

"जातानाचं विमान," त्या म्हणाल्या.

"आणि येतानाचं?"

"त्येबी बरं व्हतं," त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या. "पर येताना खिडकी ह्यांनी घेतली."