ओटीच्या मापाचा जपानी दिवा

गटातल्या बायांनो, बोलतेय मी, टाइप करतेय माझी नात सुमी. मला अक्षर येत नाही, पण डोळे शाबूत आहेत.

आज सुमीनं डहाणूहून जपानी पद्धतीचा दिवा आणला. बांबूच्या कामट्या, वर पातळ कागद, आत बल्ब. कुडाच्या घरात कागदाचा दिवा! मी लगेच खाली पाण्याची बादली ठेवली.

"आजी, दुकानातून घेतलाय, पेटत नाही," म्हणत तिनं फोनमध्ये दुकानातले दिवे दाखवले. सगळे दुधीसारखे लांब. आमचाच तेवढा टोपलीसारखा चपटा. ओटीच्या बुटक्या वाशाला टांगला, तरी डोक्याला लागत नाही.

"दुकानदाराला आपला वासा किती खाली आहे ते कोणी सांगितलं गं?"

सुमी उगाच दिव्याचा कागद पुसू लागली.

भातकापणीला मदतीला आलेला झरी गावचा उंच पोरगा याच वाशाला डोकं आपटून गेला होता. दिवे बनवायला शिकतोय, म्हणत होता.

बायांनो, असा मापाचा दिवा कोणी उगाच बनवून देतं का?

सुमे, अंगठा का थांबला? लिही त्याला. दिवा पोचला. आता घरच्यांना घेऊन ये, आणि डोकं सांभाळ.