पहिली सापडली ती गोदावरी

"तू फक्त माऊस हलव. तोंड उघडू नकोस."

सर मले हे अकोल्याच्या हॉलमधी, भरल्या लोकाईत म्हणले. माईक माह्या हातात होता. तो त्याईनं काढून केतकीले देला, अन् वरून म्हणले, "तुझं बोलणं ऐकून लोकांना वाटेल, वेबसाइट शेतकऱ्यानंच बनवली."

वेबसाइट शेतकऱ्याईसाठीच होती. तरी सारे हसले. मीबी हसली. त्या हसण्याची लाज मले आजबी वाटते.

अमरावतीच्या एका कंपनीत मी कामाले होती. कंपनी सराईची, म्हणजे दोन खोल्या अन् पाच कॉम्प्युटर. केतकी माह्यासंगंच कामाले होती. ते वर्षं असे होते की गावागावातून वाईट खबरा यायच्या, अन् जो तो शेतकऱ्याले कॉम्प्युटरनं वाचवाले निघाला होता. आमीबी निघालो. शेतकऱ्यानं गाव अन् नाव टाकलं की त्याच्या मातीचा अहवाल पानावर दिसला पाहिजे, कोणतं पीक लावाचं हेबी दिसलं पाहिजे, असं काम होतं.

दोन फाइली होत्या, एक्सएमएलच्या. एकीत शेतकरी, दुसरीत माती. एक्सएमएल म्हणजे काही जादू नाही. घरी डब्याईवर हळद, तिखट असं लिहून ठेवतो, तशी प्रत्येक माहितीवर नावाची पट्टी. पान एका फाइलीत शेतकरी शोधते, दुसरीत त्याच नावाची माती शोधते, अन् दोन्ही जोडून दाखवते. हे जोडणं केतकीनं लिहिलं. शेतकऱ्याईनं तपासाले देलेल्या मातीच्या थैल्याईतल्या चिठ्ठ्या अन् अहवाल वाचून मातीची फाइल मी भरली.

चिठ्ठ्याईवर लोकाईनं वावराचं नावबी लिहिलं होतं. बाभळीचं वावर. देवळामागचं वावर. आमच्याकडे वावर असंच ओळखतात. माही माय बार्शीटाकळीले दुसऱ्याईच्या वावरात निंदाले-खुरपाले जाते. सकाळी तिले कोणी मालकाचं नाव सांगत नाही. "आज चिंचीच्या वावरात" एवढंच सांगतात, अन् बाया बरोबर पोचतात. म्हणून मी फाइलीत वावराचीबी पट्टी लावली, अन् म्हणलं, "सर, नावासंगं वावरानंबी जोडा ना. एका गावात एकाच नावाचे दोघं-दोघं असतात."

केतकी म्हणली, "वावराचं नाव? किती गोड!"

सर म्हणले, "गावठीपणा नको इथं."

खरं सांगते, मी केतकीवर जळायची. लय जळायची. तिच्या स्कुटीवर नाही, पुण्याच्या कॉलेजवरबी एवढी नाही. तिले काही नाही आलं तं ती बिनधास्त म्हणायची, "मला नाही येत हे." अन् सर खुर्ची ओढून शिकवाले बसायचे. मले नाही आलं तं, "बार्शीटाकळीत हे शिकवत नाहीत वाटतं?" माह्या एका चुकीत माहं गाव, माही माय, माही जात, सारे फरफटत यायचे. तिची चूक तिच्या एकटीची, अन् तेबी चहा होईपर्यंत लोक विसरायचे. असं चुकता येणं मले पाहिजे होतं. ते पाहून माह्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अकोल्यात वेबसाइट दाखवाचा तो कार्यक्रम होता, त्याच्या आठ दिवस आधी मी पान तपासलं. खारपाणपट्ट्यातल्या, खाऱ्या पाण्याच्या मुलखातल्या, एका गावात गोदावरी किसन दोन निघाल्या. आडनावबी एकच, अर्ध्या गावाचं तेच होतं. केतकीच्या जोडणीले पहिली गोदावरी सापडली की ती तिथंच थांबायची. दुसरीनं नाव टाकलं तरी पहिलीचीच माती दिसायची. अन् स्टेजवर बोलावली होती ती दुसरी, बाभळीच्या वावरवाली.

मी कोणाले बोलली नाही. मनात म्हणलं, पडू दे केतकीले तोंडावर एकदा, साऱ्या साहेबाईसमोर. ते आठ दिवस मले जेवण गोड लागलं.

मंग तो दिवस आला. माईक घेतल्यावर केतकीनं गोदाबाईले वर बोलावलं. मी कोपऱ्यात बसून नाव टाकलं. पडद्यावर अहवाल आला. केतकीनं वाचला, "आजी, तुमची माती उत्तम आहे. खुशाल संत्रा लावा." टाळ्या.

गोदाबाई पडद्याकडे पाहतच राहिली. म्हणली, "हे माहं वावर नाही वं बाई. माह्या वावरात ओल सुकली की वरतून पांढरं फुटते. म्हणून तं माती देली होती. पोरगं संत्र्याचे कलमं आणाले निघून राहिलं."

केतकी हसली. "आजी, कॉम्प्युटर चुकत नसतो."

पहिल्या रांगेतले साहेब म्हणले, "आजींना आपलंच शेत ओळखू येत नाही वाटतं."

सारा हॉल हसला. अन् गोदाबाईबी हसली. तोंडाले पदर लावून. थोड्या वेळापूर्वी मी हसली होती ना, तशीच.

मी केतकी पडायची वाट पाहून राहिली होती. पडली गोदाबाई. केतकीले तं काही लागलंच नाही. अन् ती आजी आता घरी जाऊन पोराले सांगणार होती, कॉम्प्युटर म्हणते, लाव संत्रा.

मी उठली. माईक नव्हता, तशीच ओरडली, "आजी, वावराचं नाव सांगा!"

"बाभळीचं."

सर हातवारे करत होते, बस खाली, बस खाली. मी बसली, पण टाइप कराले. शोधाची नवी ओळ लिहिली, नाव अन् वावर दोन्ही जोडून. पडद्यावर दुसरी माती आली. क्षार जास्त. संत्रा लावू नये.

मी म्हणलं, "पान चुकीचं जोडलं हाय. मले आठ दिवसापासून मालूम होतं."

साहेबाईनं घड्याळ पाहिलं. सर माह्या कानाशी येऊन म्हणले, "उद्यापासून येऊ नकोस." केतकी म्हणली, "अय्या, चुकलंच माझं," अन् लोक तिच्यासाठीबी हसले, पण मायेनं. पाहा! तेव्हाबी मी जळली.

बाहेर पायरीवर गोदाबाईनं मले थांबवलं. मले वाटलं, डोक्यावर हात ठेवन. तिनं इचारलं, "आठ दिवसापासून मालूम होतं? मंग काहून नाही बोलली वं पोरी?"

मले तिच्या तोंडाकडे पाहता आलं नाही. सरानं तोंड बंद कराले सांगितलं ते त्या दिवशी. त्याच्या आधीचे आठ दिवस माहं तोंड मीच बंद ठेवलं होतं.

जळणं गेलं नाही. केतकी पुढे मोठ्या कंपनीत गेली, ते ऐकूनबी पोटात दुखलं. दुखू दे. पण त्या दुखण्यापायी मी पुन्हा चूप बसणार नाही. आता कोणत्याबी ऑफिसात कोणतीबी फाइल जोडाले घेतली की मी पहिले इचारते, याच्यात कोणाचं वावर दुसऱ्याच्या नावावर चाललं? मोठ्यानं इचारते, अन् माह्याच बोलीत इचारते. ज्याले समजत नसन, त्यानं शिकून घ्यावं.